जयवंतीचा मुलगा

मिरजोळ्याच्या मासळी कारखान्यात दुपारची सुट्टी झाली की बायका पत्र्याच्या शेडमध्ये डबे उघडून बसत आणि गोदा आपला मोबाइल पाण्याच्या पिंपावर उभा करून ठेवी. आत, जिथे म्हाकूळ आणि कोळंबी साफ व्हायची तिथे, मोबाइलला बंदी होती. तेव्हा काय ऐकायचं ते तेवढ्या वेळातच, भाकरीच्या घासाबरोबर. गेले काही महिने तिथे एकच गोष्ट चालली होती, 'जयवंती'. रोज एक भाग. कोणी पुढचं आधीच ऐकून आली तर बाकीच्या तिला तोंड उघडू देत नसत.

राही त्याच कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. एरवी ती ऑफिसात जेवायची. त्या दिवशी ऑफिसला रंग लावायला माणसं आली होती म्हणून डबा घेऊन शेडमध्ये आली. 'जयवंती' तिला नावाने माहीत होती. तिच्याच घरात ती लिहिली जात होती. पण तिच्या नवऱ्याने, स्वरूपने, ती टोपणनावाने लिहायला घेतली होती आणि खरं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ती ऐकवणाऱ्या मुंबईच्या कंपनीशी ठरलं होतं, त्यामुळे राही कारखान्यात कोणाजवळ बोलली नव्हती. आणि तिने स्वतः एकही भाग ऐकला नव्हता. "तू ऐकू नकोस, पोटासाठी लिहिलेला कचरा आहे," असं स्वरूपनेच सांगितलं होतं. लेखकाला आपलं काही लिखाण दाखवायची लाज वाटत असेल, तर बायकोने तेवढी लाज राखावी, असं तिला वाटलं होतं.

"नवरा बघ कसला डोक्याचा," गोदा शेजारणीला सांगत होती. "बायको पळून गेलेली, एका मुकादमाबरोबर. हा तिला आणायला गेला. पण तशी घरी नाय आणलंन. आधी मुंबईला नेलंन, बहिणीकडे ठेवलंन, नि मग मुंबईच्या गाडीने गावात उतरवलंन. वर अख्ख्या वाडीला मुंबईचा हलवा वाटलान. कोणाला पत्ता नाय लागला, ती कुठे होती त्याचा."

राहीच्या हातातला घास हातातच राहिला.

"आणि तो धाकटा मुलगा?" शेजारीण म्हणाली.

"तो मुकादमाचा. पोटात घेऊनच आली ना ती. आता त्या मुलाचं लग्न ठरतंय. बघ कसं बाहेर येतं सगळं."

"मला पण ऐकव गोदा, पहिल्यापासून," राही म्हणाली. बायकांना गंमत वाटली. तपासणीवाल्या मॅडम पण लागल्या म्हणे नादाला.

सुट्टी संपेपर्यंत राहीने जेवढं ऐकलं तेवढं तिला पुरलं. संध्याकाळी बसमधून घरी येताना कानात इअरफोन घालून ती आणखी ऐकत राहिली. बाई वेगळी, गाव वेगळं, नावं वेगळी. बाकी सगळं तिच्या आईचं.

राहीची आई मालन पालशेतला राहत होती, गुहागरच्या अलीकडे. राही सात वर्षांची असताना मालन घर सोडून गेली होती. खाडीवर पुलाचं काम चाललं होतं, त्या कामावरच्या माणसाबरोबर. वर्षभर ती चिपळूणला राहिली आणि मग एका ओळखीच्या बाईकडून तिने निरोप धाडला, की मला परत यायचंय. आप्पा, म्हणजे राहीचे वडील, साधे सुपारीची बाग बघणारे. ते गेले, स्टँडवर तिला भेटले, आणि तिथूनच दोघं मुंबईच्या गाडीत बसली. वर्षभर त्यांनी वाडीत सांगितलं होतं, की माझ्या बहिणीचा पाय मोडलाय, मालन तिच्याकडे डोंबिवलीला आहे. ते खरं दिसायला हवं म्हणून त्यांनी एवढा वळसा घेतला. हलव्याचा पुडा राहीला अजून आठवत होता. संदेश, तिचा भाऊ, त्यानंतर दुसऱ्या वर्षी झाला. आप्पा पुढे वारले, पण मरेपर्यंत त्यांनी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही.

राहीचं लग्न ठरलं तेव्हा मालनने तिला समोर बसवून हे सगळं सांगितलं होतं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे, म्हणाली. आणि राहीने ते जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, भाट्याच्या किनाऱ्यावर बसून. स्वरूपने तेव्हा तिचा हात घट्ट धरला होता आणि बराच वेळ काही बोलला नव्हता. त्या न बोलण्यावर तिचा किती जीव जडला होता.

रत्नागिरीलगत नाचण्याला त्यांचं भाड्याचं घर होतं. स्वरूप खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसला होता. राहीने पर्स खाली ठेवली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"मुंबईचा हलवा," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. त्याला विचारावं लागलं नाही. लॅपटॉप हळूच मिटून तो म्हणाला, "नावं बदललीत मी, राही. गाव बदललंय. कोणाला कळणार आहे?"

"हलवा का नाही बदललास मग?"

"ते... ते इतकं चांगलं होतं."

राही खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच बघून स्वरूप घाबरला. तो भराभर बोलायला लागला. पेपरची रत्नागिरी आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली, तेव्हापासून घर तूच चालवतेस. दोन पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर पडलेत. वाचनालयात सत्कार होतो, शाल मिळते, घरी येऊन त्या शालीचं काय करायचं. या मुंबईच्या कंपनीने पहिल्यांदा विचारलं, पैसे वेळेवर दिले. रोज एक भाग द्यायचा म्हणजे आतलं सगळं संपतं, राही. 'जयवंती'च्या आधीच्या गोष्टीत दोन महिन्यांतच माझ्याकडचं सगळं संपलं. हर्षद, म्हणजे तिथला संपादक, रोज फोन करतो, खरं काहीतरी दे म्हणतो.

"आणि खरं म्हणून तुला माझी आई सापडली."

"मी वाईट नाही लिहिलंय त्यांच्याबद्दल. सुरुवातीचे भाग तू ऐक. मी जीव ओतलाय त्यात."

"मुलाचं काय?"

तो लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

"संदेशचं काय, स्वरूप?"

"ऐकणारे कमी व्हायला लागले होते. हर्षद म्हणाला, ती परत आली, नवऱ्याने घेतली, मग पुढे काय? काहीतरी पोटात असायला हवं. मी नाही म्हणत होतो. खूप दिवस नाही म्हणत होतो."

"मग?"

"मग कुवारबावच्या फ्लॅटचा हप्ता आला."

त्या फ्लॅटचं राहीलाच जास्त वेड होतं. दोन खोल्या आणि एक गॅलरी. मूल वगैरे काय ते तिथे गेल्यावर, असं दोघांनी ठरवलं होतं. दर महिन्याला पैसे जमा झाले की तिने त्याच्यासाठी सुरमई आणली होती, कौतुकाने तळून वाढली होती. आता तिला ते सगळे घास आठवले.

"हे थांबव," ती म्हणाली.

"असं मधेच नाही थांबवता येत. करार आहे. एवढं कथानक संपू दे, उन्हाळ्यापर्यंत..."

"उन्हाळ्यात संदेशचं लग्न आहे."

"राही, आपला कोणी नातेवाईक हे ऐकत नाही."

"मग पालशेतला चल. आईसमोर बस आणि तिला सांग, की कोणी ऐकत नाही."

स्वरूप खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला ते जमणार नाही हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. राहीने त्याला आणखी काही विचारलं नाही. सकाळी कारखान्यात फोन करून तिने रजा सांगितली, दोन साड्या, चार कुर्ते पिशवीत भरले आणि जयगडची एसटी पकडली.

फेरीबोटीत ती रेलिंगला धरून उभी होती तेव्हाच संदेशचा फोन आला. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, मागे ठोकाठोकीचा आवाज येत होता. "ताई, दिशाच्या बाबांचा निरोप आलाय. साखरपुडा पुढे ढकलू म्हणतायत. कारण सांगत नाहीत. तुला काही माहीत आहे?"

"आहे," राही म्हणाली. "मी येतेच आहे घरी."

मालन पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. लेकीला अवेळी आलेली बघून ती उठली नाही, तिने फक्त बाजूचा पाट पुढे सरकवला. राही बसली, आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरली.

"आई, तुला एक सांगायचंय."

"ती जयवंती ना?" मालन म्हणाली. "सखूची सून लावते मोबाइलवर. गेला महिनाभर ऐकत्ये मी त्यांच्या ओटीवर बसून."

"तुला कळलं?"

"माझंच मला कळायचं नाय? पहिल्याच दिवशी कळलं." तिने हातातली सुपारी खाली ठेवली. "हलव्याचं ऐकलं नि सखूने माझ्याकडे बघितलंन. मी म्हटलं, बघतेस काय, तूच नाही का खाल्लास तेव्हा. मग ती काय बोलायची?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, तू सांगशील. तुलाच बोलले होते मी."

राहीला हे तोंडात मारल्यासारखं लागलं. तिने सांगितलं, मी स्वरूपला सांगितलं होतं, एकट्याला, नवरा म्हणून. मालनने मान हलवली. नवऱ्याला सांगायचंच, त्यात तुझी चूक नाय, म्हणाली. आणि मग तिचा आवाज बदलला.

"माझं लिहिलंन ते लिहिलंन. ती बाई सारखी रडते, ते मला नाय आवडलं. मी एकदासुद्धा रडले नव्हते. पण संदेशचं लिहिलंन ते मी नाय सोडणार. तो आप्पांचा मुलगा आहे. आप्पा आता नाहीत, हे ऐकून उठून काय सांगायचे ते? मलाच सांगायला हवं."

संदेश संध्याकाळी आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. आईचं जाणं त्याच्या जन्माआधीचं. मालनने त्यालाही समोर बसवून सांगितलं, जसं राहीला सांगितलं होतं, तसंच, एक शब्द कमी-जास्त न करता. तो ऐकत होता आणि हाताला लागलेलं ग्रीस पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता. शेवटी म्हणाला, "मी भावोजींना बघून घेतो."

"तू काय बघायचं नाय," मालन म्हणाली. "उद्या आपण तिघं चिपळूणला दिशाच्या घरी जातोय."

चिपळूणला जायला ती तयार होत होती तेव्हा राहीने दोनदा विचारलं, नक्की ना. चिपळूण म्हणजे तेच चिपळूण, जिथे ती वर्षभर राहिली होती. मालनने निरी नीट केली आणि दाराला कडी घातली.

दिशाचे वडील रावजी बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवायचे. माणूस वाईट नव्हता. दारात तिघांना बघून त्यालाच अवघडल्यासारखं झालं. बसा म्हणाला, पाणी मागवलं. दिशाची आई दमयंती आतल्या दाराला टेकून उभी राहिली. दिशा तिच्या मागे.

"साखरपुडा का पुढे ढकललात, ते मला ठाऊक आहे," मालन म्हणाली. "तुम्हाला विचारायला संकोच वाटेल, म्हणून मीच सांगायला आले."

रावजी म्हणाला, "तसं काही नाही हो. लोक काहीतरी बोलतात..."

"लोक नाय बोलले. माझ्या जावयाने लिहिलंन, पैसे घेऊन. त्यातलं अर्धं खरं आहे, अर्धं खोटं. खरं कुठलं ते ऐका." आणि तिने सांगितलं. मी घर सोडून गेले होते. इथेच, नदीपलीकडे, वर्षभर राहिले. परत आले. संदेश त्यानंतर दुसऱ्या वर्षी झाला. तो माझ्या नवऱ्याचा आहे. माझं जाणं तुम्हाला पटत नसेल तर मोडा लग्न, मी वाईट वाटून घेणार नाय. पण मोडायचं तर माझ्यामुळे मोडा. मुलाच्या जन्मावर बोट ठेवून नको.

राहीला आपल्या आईचा हात दिसत होता, मांडीवर पालथा ठेवलेला. संदेश जमिनीकडे बघत होता.

दाराशी उभ्या असलेल्या दमयंतीने हळू आवाजात विचारलं, "परत का आलात?"

रावजीने बायकोकडे रागाने बघितलं. पण मालनला तो प्रश्न आवडला असावा.

"या मुलीचे केस लांब होते," ती राहीकडे न बघता म्हणाली. "वाटायचं, उवा झाल्या असतील. आप्पांना काय जमतंय. तिथे रोज संध्याकाळी तेच डोक्यात यायचं. तो माणूस वाईट नव्हता. पण मला ते केस सोडवेनात."

राहीने हे कधीच ऐकलं नव्हतं. स्वरूपच्या जयवंतीला मुकादमाने मारलं होतं, उपाशी ठेवलं होतं, तेव्हा ती परत आली होती. राहीलाही इतकी वर्षं वाटत आलं होतं, की असंच काहीतरी झालं असणार.

रावजीने विचार करून कळवतो असं सांगितलं, आणि त्याच्या जागी कोणीही तेच म्हणालं असतं. पण ती तिघं गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा दिशा मागून भराभर चालत आली. "बाबांना वेळ द्या," ती मालनला म्हणाली. "मला नको आहे वेळ." मग संदेशला, "तू फोन बंद ठेवू नकोस," एवढं बोलून परत गेली.

स्वरूप पालशेतला आला तो त्यानंतर चार-पाच दिवसांनी. दाढी वाढलेली, खांद्याला एकच बॅग. राहीने त्याला पडवीतच उभं केलं. तो म्हणाला, मी हर्षदला सांगितलं, पुढे लिहिणार नाही, मुलाचे भाग काढून टाका. तो म्हणाला, लिहू नकोस, आमच्याकडे दुसरा माणूस आहे. काढणार काही नाही, कारण ते आता आमचं आहे. सही मीच केली होती, राही. वाचून केली होती. फ्लॅटची नोंदणी रद्द करून आलोय. मिळाले तेवढे पैसे आणलेत, आईंच्या हातात...

"ते खिशात ठेव," राही म्हणाली. "तिच्यासमोर काढलेस तर मी तुला याच पायरीवरून परत पाठवीन."

मालन आतून आली. जावयाला तिने नेहमीसारखं बसा म्हटलं आणि राहीला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला. स्वरूपने कप हातात घेतला आणि खाली ठेवला. "आई, मी चुकलो," तो म्हणाला. "माफी मागायला आलोय."

"मला माफी घेऊन काय करायचंय?" मालन म्हणाली. "माझं मी रावजीकडे बोलून आल्ये. पण या वाडीत संदेशला राहायचंय. रविवारी देवळात बैठक आहे, माघातल्या पूजेची. सगळी वाडी असते. तिथे उभे राहा नि सांगा, काय लिहिलंत नि कशासाठी लिहिलंत."

स्वरूपचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर?"

"ऐकलंनी सगळ्यांनी. मग सांगायला काय झालं?"

तो राहीकडे बघायला लागला, कदाचित ती काही सुटकेचं बोलेल म्हणून. राही म्हणाली, "मी तिथे असेन. पण तुझ्या बाजूला उभी नाही राहणार."

रविवारपर्यंत तो पडवीत झोपला. संदेश त्याच्याशी बोलत नव्हता. राही जेवण वाढायची आणि आत जायची. तिने मनाशी ठरवलं होतं, की तो पळाला तर त्याला अडवायचं नाही, आणि थांबला तर लगेच विरघळायचंही नाही. रोज सकाळी उठल्यावर ती आधी बघायची, बॅग आहे का. बॅग होती.

देवळाच्या सभामंडपात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. वर्गणी, मांडव, भजनी मंडळ, सगळं बोलून झालं. वाडीचा प्रमुख रघू मयेकर उठणार तेवढ्यात स्वरूप उभा राहिला. भाषणं त्याने पुष्कळ केली होती, पण आज त्याला पहिलंच वाक्य सापडेना.

"ती 'जयवंती' नावाची गोष्ट तुम्ही ऐकता ती मी लिहिली. दुसऱ्या नावाने लिहिली. माझ्या बायकोने मला विश्वासाने जे सांगितलं होतं, ते मी विकलं. आणि जे घडलं नव्हतं, तेही त्यात घातलं. तो मुलगा दुसऱ्याचा, हे मी घातलं. ते खोटं आहे. मागणारे मागत होते, पण लिहिलं मी."

"पैसे घेतलेस?" रघूने विचारलं.

"घेतले."

"आमच्या वाडीतल्या बाईचे?"

"हो."

मागून कोणीतरी म्हणालं, "मुलाचं खोटं ठीक आहे. पण ती गेली होती हे तरी खरं ना?"

स्वरूपच्या लक्षात आलं, की याचं उत्तर द्यायचा हक्क त्याला नाही; राहीला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. बायकांच्या बाजूने मालनचा आवाज आला, "गेले होते. बरोबर आहे. आता मांडवाचं कोण बघणार ते ठरवा."

सखू हसली, आणि मग दोन-तीन बायका हसल्या. त्या हसण्यात कुत्सित काही नव्हतं. रघू मयेकर थोडा वेळ टोपी चाचपत राहिला आणि म्हणाला, मांडवाचं संदेश बघेल, गेल्या वर्षी पण त्यानेच बघितलं. बैठक उठली. स्वरूपशी बोलायला कोणी थांबलं नाही. एक म्हातारा मात्र जाता जाता त्याला म्हणाला, "आप्पाचा जावई तू. आप्पाने आयुष्यभर तोंड बंद ठेवलंन रे." एवढंच.

राही स्वरूपबरोबर रत्नागिरीला परतली, पण नाचण्याच्या घरी गेली नाही. कारखान्यातल्या दोघी जणींनी मिरजोळ्यात खोली घेतली होती, तिथे तिने आपली वळकटी टाकली. स्वरूपने ये म्हणून गळ घातली नाही. एका छापखान्यात तो मुद्रितं तपासायला लागला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असलंच सगळं. त्याचा अर्धा पगार तो राहीच्या खात्यात टाकायचा आणि ती तो परत पाठवायची. दोघांनीही हे न बोलता चालू ठेवलं. कंपनीची एक वकिली नोटीस त्याला आली, कारण त्याने नाव उघड केलं होतं. तिचं उत्तर त्याने एकट्याने दिलं.

शेडमध्ये 'जयवंती' चालूच होती. दुसरा कोणी लिहीत होता. धाकटा मुलगा आता पोलीस इन्स्पेक्टर झाला होता आणि मुकादमाला शोधत होता. एकदा गोदाने राहीला हाक मारली, "मॅडम, या की ऐकायला."

"ती गोष्ट माझ्या घरची आहे गोदा," राही म्हणाली. "मुलाचं सोडून. तेवढं खोटं आहे." आणि ती समोरच बसून जेवली. गोदाने मोबाइल पिंपावरून उचलला. दुसऱ्या दिवशीही तो तिथे दिसला नाही. कुठेतरी दुसरीकडे ऐकत असतील, राहीने विचारलं नाही.

रावजीने शेवटी होकार कळवला आणि लग्न वैशाखात झालं, चिपळूणला, आटोपशीर. दिशाचे काका आले नाहीत. रावजी आला, सगळं रीतीने केलं, पण मालनशी मोजकंच बोलला. दमयंतीने मात्र मालनला जेवताना आपल्याजवळ बसवून घेतलं. स्वरूप पंगतीत वाढत होता. संदेशने त्याला बोलावलं होतं, ते मनापासून नव्हतं, पण बोलावलं होतं.

लग्नानंतरच्या सोमवारी कामावरून सुटल्यावर राही नाचण्याला गेली. स्वरूप भात कुकरला लावत होता. घर नीट होतं, उगाच सजवलेलं नव्हतं.

"मी राहायला येणार आहे," ती दारातूनच म्हणाली. "आधी ऐक. मी तुला पूर्वीसारखं सगळं सांगणार नाही. जे सांगेन ते सांगेन. तू विचारायचं नाही, का सांगत नाहीस म्हणून. पुन्हा सांगावंसं वाटेल की नाही, मला माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला.

"फ्लॅट नको. मला त्याचं वेड नाही राहिलं. जे घ्यायचं ते दोघांच्या कमाईतून, सावकाश."

"बरं."

कुकरच्या झाकणावर त्याचा हात होता. "मी लिहिणं सोडून देऊ का राही? तू म्हणालीस तर सोडतो."

तिने यावर विचार केलेला होता. मिरजोळ्याच्या खोलीत पुष्कळ दिवस केलेला होता.

"माझ्यावर ढकलू नकोस ते," ती म्हणाली. "लिहायचं तर लिही. पण स्वतःचं लिही. देवळात उभा राहिलास तेव्हा पहिलं वाक्य कसं सापडेना, पैसे आले तेव्हा तुला किती बरं वाटलं होतं, तेवढं लिहून बघ. नाही जमलं तर मुद्रितं तपास. त्यातही काही कमीपणा नाही."

राहीने चप्पल काढली, पिशवी कपाटाशी ठेवली आणि विचारलं, "आमटी केलीस का?"

"नाही अजून."

"मग सरक," ती म्हणाली, आणि कोकमं कुठे ठेवलीत ते शोधायला लागली.